फोल्कर्टचे कान

"पुढची पट्टी, प्लीज," ऑर्गनच्या पोटातून आवाज आला, आणि गेशेचं बोट होतं तिथंच थबकलं.

प्लीज! या बाकावर बसून तिचे केस पिकले होते, पण आतून असा शब्द कधी आला नव्हता. तिचा नवरा फोल्कर्ट होता तोवर नुसता "हं" म्हणायचा. मनासारखं जमत नसलं तर तेही नाही. हातातलं हत्यार फळीवर आपटायचा, की आपण समजून घ्यायचं.

"ओल्टमन्सबाई, आहात ना तिथं?"

"आहे, आहे. जाते कुठं?" ती म्हणाली आणि तिनं पुढची पट्टी दाबून धरली.

आत, त्या उंच लाकडी सांगाड्यात, नळ्यांच्या दाटीत टीडे अंग चोरून उभा होता. टीडे ऑर्गनचा कारागीर. हामवार्फच्या चर्चमधला हा जुना ऑर्गन त्यानं दोन वर्षांपूर्वी उतरवला होता आणि नळीन् नळी लोकरीच्या चिंध्यांत गुंडाळून आपल्या कारखान्यात नेली होती. आता सगळं जागच्या जागी परत बसलं होतं. दर्शनी भागात कथलाच्या नव्या नळ्या लखलखत होत्या. राहिलं होतं ते फक्त सूर लावणं, आणि ते काम दोघांचं असतं. एकानं बाहेर बसून पट्टी दाबून धरायची, दुसऱ्यानं आत जाऊन वाजणाऱ्या नळीचं तोंड किंचित उघडायचं नाहीतर मिटवायचं. टीडेच्या जोडीदाराची बायको बाळंत झाली, जुळं झालं, आणि तो घरी पळाला. म्हणून पाद्री रेमर्स सकाळी सायकलवरून गेशेच्या दारी आले होते. ती पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा वाळवण्यासाठी दोऱ्यात ओवत होती.

"गेशेबाई, तुम्ही फोल्कर्टला पट्ट्या दाबून द्यायचात ना? थोडे दिवस टीडेसाहेबांना हात द्याल का?"

"बोट," गेशे म्हणाली. "हात नाही लागत, पाद्रीसाहेब. एक बोट लागतं."

तसं ते काम सोपंच. दुपारपर्यंत खालचे, मधले सूर उरकले. मग त्या सगळ्यांत वरच्या नळ्या आल्या, करंगळीच्या पेराएवढ्या. दोन नळ्या एकदम वाजतात. सूर जुळले नसतील तर मधे एक थरथर ऐकू येते. सूर जवळ येत जातात तशी ती मंदावते, आणि पुरते जुळले की विरून जाते. टीडे दमला होता. त्यानं नळीवर हलकेच टिचकी मारली, थरथर मंदावली, आणि तो हं म्हणून पुढं निघाला. थरथर विरली नव्हती. केसभर राहिली होती.

गेशेला कळलंही नाही तिनं काय केलं. डाव्या हाताची बोटं आपसूक वळली आणि बाजूच्या फळीवर एकदा वाजली. टक्.

आत सगळं शांत झालं.

"काय झालं?"

"काही नाही हो. चुकून."

टीडेनं पुन्हा ऐकलं, पुन्हा टिचकी मारली. थरथर गेली. पुढची नळी त्यानं जरा जास्तच चढवली, आणि गेशेचा हात पुन्हा उठला. टक् टक्. आता मात्र तो सांगाड्याच्या अरुंद दारातून आडवा होऊन बाहेर आला. केसांत जाळी, नाकावर धूळ.

"एकदा म्हणजे चढवा. दोनदा म्हणजे उतरवा. बरोबर?"

"जुनी खोड आहे. लक्ष नका देऊ."

"आणि जुळला की?"

"तीनदा."

"कोणी लावली ही खोड?"

गेशेनं सज्ज्यावरून खाली पाहिलं. चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. तरीही ती म्हणाली, "आधी चहा घेऊ या. थर्मासमधला निवत चाललाय."

फोल्कर्ट युद्धावरून परत आला तो धडधाकट. हात, पाय, डोळे सगळं जागेवर. तोफखान्यात होता म्हणून कानात सारखा एक गुंगाट असतो, एवढंच तो सांगायचा. माणसांचं बोलणं त्याला कळायचं, गायीचं हंबरणं कळायचं. पण चुलीवरची किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली तरी तो शेजारी बसून पेपर वाचत राहायचा. नव्या नवरीला वाटलं, पुरुषमाणूस, चुलीकडं कशाला लक्ष देईल!

युद्धाच्या आधी तो एका ऑर्गनवाल्याकडं उमेदवारी करत होता. परत आला तेव्हा गावच्या ऑर्गनची पार दैना झाली होती. दर्शनी नळ्या पहिल्या महायुद्धातच सरकारनं वितळवायला नेल्या होत्या, उरलेल्यांत उंदरांनी संसार मांडला होता. गावाकडं काही नव्हतं. फोल्कर्टनं कोणाच्या पडक्या गोठ्याचे पन्हळ, कोणाच्या छपराचा पत्रा, असं जस्त गोळा केलं आणि हातानं नळ्या केल्या. ऑर्गन वाजला. त्या दिवशी म्हातारीकोतारी रडली आणि गावानं फोल्कर्टला डोक्यावर घेतलं ते कायमचं.

पण वाजण्याआधी सूर लावायचा होता. पट्टी दाबायला घरचं माणूस बरं, म्हणून त्यानं गेशेला नेलं. थोरली मुलगी तेव्हा टोपलीत होती. खालचे सूर लागले. वरच्या नळ्या आल्या, आणि तो आत ठोकत सुटला.

"वर जातंय," गेशे म्हणाली.

"तुला काय कळतंय? बोट दाब."

"आणखी वर जातंय, फोल्कर्ट. दात शिवशिवतायत माझे."

टोपलीतली पोर किंचाळून रडायला लागली. फोल्कर्ट बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोरीकडं पाहिलं, गेशेकडं पाहिलं, मग हातातल्या हत्याराकडं. 

"कोणाला बोललीस तर..." तो म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडलं.

मग त्यानं तिचा हात धरला, बोटं मिटवली आणि फळीवर आपटून दाखवली. एकदा. दोनदा. तीनदा. "असं करायचं. तोंडानं नाही." लग्नाच्या दिवसानंतर त्या चर्चमध्ये त्यानं तिचा हात धरला तो तेवढाच.

पुढं सगळी वर्षं असंच चाललं. दर ईस्टरच्या आधी आणि दर नाताळच्या आधी तो आत, ती बाहेर. खाली कोणी फुलं लावत असलं, कोणी फरशी पुसत असलं, तरी त्यांना वाटायचं की नवराच आत ठोकाठोक करतोय. या कानाचं त्या कानाला कळलं नाही. घरीसुद्धा दोघांमध्ये त्या गोष्टीचा उच्चार नव्हता. आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी येऊ लागली. "ओल्टमन्सचे कान म्हणजे कान," लोक म्हणत, आणि फोल्कर्ट टोपी मागं सारून, ऐकून न ऐकल्यासारखं करी.

एकदा शहरातून एक मोठा वादक आला होता. वाजवून झाल्यावर त्यानं चारचौघांत फोल्कर्टची पाठ थोपटली आणि गेशेकडं वळून विचारलं, "आणि या बाई? यापण मदत करतात वाटतं?"

"ही?" फोल्कर्ट म्हणाला. "ही बोट दाबते. मांजर आणून बसवलं पट्टीवर तरी भागेल माझं."

सगळे हसले. गेशेही हसली.

पुढच्या ईस्टरला तिनं एका नळीला वाकडा सूर असतानाच तीनदा टकटक केली. फोल्कर्ट पुढच्या नळीकडं गेला. ईस्टरच्या सकाळी, चर्च खचाखच भरलेलं असताना, तो सूर असा कर्कश निघाला की पुढच्या रांगेतल्या पोरांनी कान झाकले. वाजवणारे गुरुजी नंतर म्हणाले, हवा दमट आहे, होतं असं. फोल्कर्टला काय झालं ते कळलं नाही, पण लोक त्याच्याकडं न बघता बघतायत एवढं कळलं. घरी सूप पिताना त्यानं ताटलीतून मान वर न करता विचारलं, "कुठली?"

"वरून चौथी."

दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन ती नीट करून आले. तो चुकलं म्हणाला नाही, तीही नाही. मांजराचं मात्र त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

हे सगळं गेशेनं टीडेला सांगितलं. ईस्टरची गोष्ट तेवढी राखून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ती हे बोलत होती, आणि बोलताना तिला कोणा दुसऱ्याच बाईबद्दल बोलल्यासारखं वाटत होतं.

टीडेनं कप खाली ठेवला. "मला कोडंच पडलं होतं. तुमच्या नवऱ्यानं जस्ताच्या नळ्या केल्या त्या, राग मानू नका, ओबडधोबड. पण जुन्या बारीक नळ्यांना त्यानं जवळपास धक्का लावलेला नाही. बहुतेक ठिकाणी ठोकून ठोकून त्यांची तोंडं फाटलेली असतात. इथं जेमतेम एकेक टिचकी. मी माझ्या जोडीदाराला, लुट्झला म्हटलंसुद्धा, हा माणूस वेळेवर थांबायचा. आता कळलं, त्याला थांबवणारं कोण होतं."

 गेशेची कानशिलं गरम झाली होती. या वयात!

"पाटीवर तुमचंही नाव हवं," टीडे म्हणाला.

पाटीची कथा अशी होती. फोल्कर्टच्या जस्ताच्या नळ्या काढून टाकायच्या असं ठरलं तेव्हा त्याची थोरली बहीण तालेया ऑर्गनच्या समितीत उभी राहून गरजली होती, की माझ्या भावाच्या नळ्या भंगारात जाणार असतील तर त्याचं नाव तरी चर्चमध्ये राहिलं पाहिजे. समितीनं कबूल केलं. ऑर्गनच्या लाकडावर पितळी पाटी बसायची होती: 'फोल्कर्ट ओल्टमन्स. याच्या कानांनी हा ऑर्गन जिवंत ठेवला.' नळ्या लिलावात गेल्या. कोणी त्यात छत्र्या ठेवल्या, कोणी फुलं. शेजारच्या हायोनं सगळ्यांत मोठी नळी मेंढ्यांच्या गोठ्याला पन्हळ म्हणून लावली. फोल्कर्टला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. गेशेनं ती पन्हळ झालेली नळी रोज पाहिली आणि कोणाला काही म्हटलं नाही.

टीडेनं भल्या मनानं पाद्र्यांच्या कानावर घातलं. पाद्री गेशेकडं आले. पायरीवर बसले, शेंग हातात घेऊन उगाच चोळत राहिले.

"दोनच शब्द वाढवायचे आहेत. 'आणि गेशे'. तुम्हाला हवंय का, गेशेबाई?"

नको म्हणायची तिला आयुष्यभराची सवय होती. नको हो, कशाला, माझं काय त्यात. हे सगळं जिभेवर तयार होतं. पण तोंडातून निघालं ते "हो."

दुसऱ्या दिवशी दार न वाजवता तालेया आत आली. डोक्याला रुमाल, हातात काठी, आवाज नेहमीसारखा टिपेला.

"गेशे, काय ऐकते मी? माझा भाऊ बहिरा होता?"

"बैस तालेया. वरचे सूर त्याला ऐकू येत नव्हते, एवढंच. बाकी सगळं..."

"बहिरा होता! अगं, सगळा मुलूख त्याच्या कानांची शपथ घ्यायचा. शेवटी हॉस्पिटलात त्याला ऐकू येईना ते मी पाहिलंय. म्हातारपणी कोणाला येतं? त्याचं निमित्त करून तू त्याला जन्माचा बहिरा केलास?"

"खोटं असेल तर जीभ झडेल माझी."

"झडू दे! तो होता तेव्हा कुठं गहाण टाकली होतीस ती जीभ?"

"त्यानं सांगितलं होतं, कोणाला बोलायचं नाही."

"मग बोललीस कशाला?"

 गेशे चहाचं पाणी ठेवायला वळली, तर तालेया म्हणाली, "तुझा चहा नको मला," आणि काठी आपटत निघून गेली.

तीनचार दिवसांत गावानं आपला निकाल दिला. तोंडावर कोणी बोललं नाही. बेकरीत गेशे शिरली की आतलं बोलणं थांबायचं. पाववाली, जी एरवी आणखी काय हवं म्हणून चार गोष्टी करायची, ती पाव कागदात गुंडाळून नुसता पुढं सारायची. दफनभूमीत फोल्कर्टच्या थडग्यावर गेशेनं ठेवलेल्या फुलांच्या शेजारी मोठा, ताजा, तालेयाचा गुच्छ दिसू लागला. मेलेल्या नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घालायला निघालेली बाई, असं हायो कोणाला तरी म्हणाला, आणि ते फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं. थोरलीनं फोन करून म्हटलं, "आई, सोडून दे ना गं. बाबांचं नाव आहे, पुरे नाही का?"

"तुला आठवतं का, तू टोपलीत होतीस..."

"टोपलीतलं कोणाला आठवतं, आई!"

समितीची बैठक चर्चशेजारच्या सभागृहात झाली. समितीचा प्रमुख हायो मधे बसला, एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला तालेया. टीडेला मुद्दाम बोलावलं होतं. बाकी पंधरावीस माणसं होती, ऑर्गनसाठी ज्यांनी केक विकले, पैसे जमवले, ती. गेशेला समोर खुर्ची दिली. मोठ्या सुनावणीला बसवावं तशी.

"टीडेसाहेब," हायो म्हणाला, "तुम्ही यातले जाणते. तुम्हीच सांगा. नळ्या बघून सांगता येतं का, सूर कोणाच्या कानानं लागलाय ते?"

टीडेनं बोटांकडं पाहिलं. नखांत अजून काजळी होती. "काम फार नाजूकपणे केलंय हे खरं."

"ते आम्हालाही ठाऊक आहे. कोणी केलं?"

"ते..." टीडेनं गेशेकडं पाहिलं नाही. "ते नळ्या बघून नक्की सांगणं अवघड आहे. मी तेव्हा इथं नव्हतो."

"पण तुम्ही माझं ऐकलंत," गेशे म्हणाली. "त्या बाकावर. मी टकटक केली आणि तुम्ही सूर फिरवलात."

"तुमचा कान चांगला आहे, ओल्टमन्सबाई. त्यात वाद नाही." एवढं बोलून तो पुन्हा नखांकडं बघू लागला.

 बोलायला लावलं यानं, दार उघडलं यानं, आणि आता हाच उंबऱ्याच्या पलीकडं उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतोय. तिनं गुडघ्यांवर हात दाबून धरले आणि जे टीडेलासुद्धा सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"एका ईस्टरला वरचा सूर किंचाळला होता. आठवतंय कोणाला? पोरांनी कान झाकले होते."

मागं बसलेला म्हातारा एन्नो म्हणाला, "होय होय! माझी बायको म्हणाली, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला की काय. गुरुजी म्हणाले, दमट हवा."

"दमट हवा नव्हती. मी तो तसा सोडला होता. मुद्दाम. आणि फोल्कर्टला कळलं नाही. तुम्हा सगळ्यांना ऐकू आलं, एकट्या त्याला नाही. आता सांगा."

 पाद्र्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं वाटलं. आता पटलं, गेशेला वाटलं. आता कसं नाही पटणार?

तालेया उठली. सावकाश, काठीवर रेलून.

"ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं सांगतेय. ईस्टरच्या पवित्र दिवशी, देवाच्या घरात, नवऱ्याची नाचक्की व्हावी म्हणून हिनं ऑर्गन बिघडवला. माझ्या भावाला चारचौघांत मान खाली घालायला लावली. आणि हिचं नाव त्याच्या नावाशेजारी लावायचं? पितळेत?"

मागून कोणीतरी जिभेनं च्च् केलं. एन्नो मान हलवत म्हणाला, "हे बरं नाही केलंस, गेशे. ईस्टर होता." त्याच्या शेजारच्या बाईनं आपली खुर्ची उगीचच जरा मागं घेतली. फोल्कर्टला ऐकू येत होतं की नाही, हा प्रश्न त्या खोलीतून केव्हाच बाहेर निघून गेला होता.

पाद्र्यांनी घसा साफ केला. "मला वाटतं, पाटी आहे तशीच राहू द्यावी. सगळ्यांच्या मनाला शांती..."

"राहू द्या," गेशे म्हणाली आणि उठली. कोट चढवताना तिची बाही सापडेना. मदतीला कोणी उठलं नाही.

टीडे दोन दिवसांनी तिच्या घरी आला. त्याचा जोडीदार परतला होता, त्यामुळं बोटाचीही गरज संपली होती. गेशेनं त्याला आत घेतलं, बसवलं, कपात खडीसाखर टाकली, वरून चहा ओतला. खडीसाखर तडकली. सायीचा थेंब सोडला.

"तुम्हाला वाईट वाटलं असेल," तो म्हणाला. "पण माझीही अडचण समजून घ्या. मला ऑर्गन पुरा करायचाय. ही माणसं रोज इथं येतात, रोज यांच्याशी गाठ. घरच्या भांडणात बाहेरच्यानं पडू नये."

"भांडण तुम्ही आलात तेव्हा नव्हतं," गेशे म्हणाली.

टीडेनं चहा संपवला. त्या मुलखात तीन कप झाल्याशिवाय पाहुण्याला कोणी उठू देत नाही. दुसरा कप मागावा लागत नाही, आपोआप भरला जातो. गेशेनं किटली उचलली, तिच्यावर लोकरीची टोपी घातली आणि ती आतल्या फळीवर ठेवून दिली. टीडेनं रिकाम्या कपाकडं पाहिलं. मग तो उठला, दाराशी टोपी घातली, काढली, परत घातली, आणि गेला.

सुगीच्या सणाला ऑर्गन सुरू झाला. वेदीपाशी भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, सफरचंदांच्या पाट्या. पाटीवरचं कापड फोल्कर्टच्या बायकोनं ओढावं असं ठरलं होतं. ठरलं ते पूर्वीच, आणि आता बदललं तर जास्तच दिसेल, असं पाद्री म्हणाले. गेशे काळा कोट घालून सज्ज्यावर गेली. नाही म्हटलं असतं तर सगळ्या गावानं पुन्हा तिच्याकडं पाहिलं असतं, आणि त्या पाहण्याचा तिला वीट आला होता. तिनं कापड ओढलं. पितळ चमकलं. खाली लोकांनी माना वर केल्या. तालेयानं डोळ्यांना रुमाल लावला.

मग ऑर्गन वाजला.

गेशेनं ठरवलं होतं, ऐकायचं नाही. पण कान मिटता येत नाहीत. फोल्कर्टच्या जस्ताचा तो घोगरा, डब्यातून आल्यासारखा आवाज, जो ऐकत गावाच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या, तो कुठंच नव्हता. सूर मोकळा येत होता, दाट आणि स्वच्छ, आणि वरच्या बारीक नळ्या त्याच्यावर लकाकत होत्या. इतकी वर्षं त्या याच होत्या. याच नळ्यांची तिनं एकेक करून थरथर विझवली होती, पण खालच्या घोगऱ्या गोंगाटात त्या कधी अशा वर आल्या नव्हत्या. चूक एकही नव्हती. तिनं शोधली. टीडेनं काम चोख केलं होतं, हेही तिला कबूल करावं लागलं, आणि तेच जास्त कडू होतं.

नंतर सभागृहात चहा झाला. लांब टेबलं, पांढऱ्या चादरी, बायकांनी केलेले केक. आप्तांना एका बाकावर बसवलं होतं, त्यामुळं गेशे आणि तालेया शेजारी शेजारी आल्या. बैठकीनंतर दोघी एकमेकींशी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. तालेयानं पर्स मधे ठेवली होती, कुंपणासारखी.

पाद्री भाषणाला उभे राहिले. त्यांचा आवाज मुळात मऊ, त्यात मागं कपबश्यांचा किणकिणाट. गेशे टेबलाकडं बघत होती. पाद्र्यांनी जुन्या गुरुजींची काहीतरी गंमत सांगितली, लोक हसले. तालेया हसली ती सगळ्यांचं हसून झाल्यावर, जरा उशिरा. पाद्र्यांनी मृतांसाठी क्षणभर शांतता पाळायला सांगितली तेव्हा ती टाळ्या वाजवायला लागली आणि दोन टाळ्यांनंतर, आजूबाजूला बघून, तिनं हात मांडीवर घेतले.

गेशेनं मान वळवली. तालेया पाद्र्यांच्या ओठांकडं बघत होती. डोळे बारीक केलेले, जबडा घट्ट, चेहऱ्यावर सगळं समजत असल्याचा भाव. तो चेहरा गेशेला परका नव्हता. तसाच चेहरा समोर ठेवून ती उभा जन्म जेवली होती.

तालेयानं तिच्याकडं पाहिलं. दोघींची नजर एकमेकींत अडकली. मग तालेयानं पर्स उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकली.

"इथं आवाज फार घुमतो," ती म्हणाली. "काय म्हणाला?"

गेशे काहीही सांगू शकली असती. तालेयाला खरंखोटं कळायला मार्ग नव्हता. काहीच न सांगणंही सोपं होतं.

ती तालेयाच्या कानाशी वाकली. म्हातारीच्या केसांना कापराचा वास येत होता.

"म्हणाला, देवानं फोल्कर्टला असे कान दिले होते की शंभर वर्षांत एखाद्यालाच मिळतात."

तालेयानं मान डोलावली. "बरोबर बोलला. आणखी?"

"म्हणाला, एवढासा सूर हलला तरी त्याला झोप लागत नसे."

"खरंय. लहानपणापासून तसाच होता तो. आणखी काय?"

गेशे एकेक वाक्य सांगत गेली. जसंच्या तसं, काही न गाळता, काही न घालता. तालेया तिच्या खांद्याला टेकून, डोळे मिटून ऐकत होती. मधेच तिनं गेशेचं मनगट धरलं, आणि मग ते सोडायची आठवण तिला राहिली नाही.

शेवटी पाद्र्यांनी हातातला कागद उलटा केला आणि ज्या बायकांनी चहापाण्याची व्यवस्था केली त्यांचे आभार मानले. नावं वाचली. आल्मुट, फ्राउके, वीब्के, गेशे ओल्टमन्स, दोघी हिन्रिक्स बहिणी. सभागृहात जोरात टाळ्या झाल्या.

"आता कशाच्या टाळ्या?" तालेयानं विचारलं.

"केकच्या," गेशे म्हणाली, आणि जो हात मोकळा होता त्यानं तिनंही टेबलावर थाप मारली.